डेन्व्हरचा तट

"आजोबा, आज आपली बॅटिंग बघू नका. आज आपली बोलिंग बघा."

डेन्व्हर शहराच्या एका उपनगरात, बाहेर गुडघाभर बर्फ पडलेले असताना, माझ्या अकरा वर्षांच्या नातवाने मला हे सांगितले. त्याला क्रिकेट येत नाही आणि मला त्यांचा फुटबॉल येत नव्हता. तेव्हा माझ्या सोयीसाठी तो बिचारा दोन शब्द उसने घेऊन बोलत होता. पण त्या दोन शब्दांत तो सगळे सांगून गेला, हे मला पुढे तीन आठवड्यांनी कळले.

डिसेंबर २०१५ मध्ये मी मुलीकडे गेलो आणि मार्च २०१६ मध्ये इंदूरला परतलो. निघताना रामबागेतल्या मंडळींनी मला नायगारा, न्यूयॉर्क, झालेच तर ग्रँड कॅनियन पाहून येण्याची आज्ञा केली होती. त्यातले काहीच पाहणे झाले नाही. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून बरोबर मैलभर, म्हणजे ५,२८० फूट उंचावर आहे. थंडी आणि विरळ हवा यांमुळे माझा दमा उठला आणि डॉक्टरांनी घरी बसवले. घरी बसून मी काय पाहिले, तर फुटबॉल. पायाने खेळायचा आपल्या महूच्या पलटणींतला तो फुटबॉल नव्हे. हा अमेरिकनांचा, हाताने फेकायचा, लांबट चेंडूचा आणि शिरस्त्राणे घालून एकमेकांवर आदळण्याचा फुटबॉल.

पहिले दोन रविवार मला तो खेळ न वाटता दंगल वाटली. तिसऱ्या रविवारी एकदम उमगले की, अरे, हा तर आपल्या हुतुतूचा चुलतभाऊ! चढाई करणारा आणि धरणारा, मधे एक रेघ, आणि सारी धडपड त्या रेघेसाठी. फरक इतकाच की आपल्याकडे जो चढाई करतो तोच मागे येऊन साखळीत उभा राहतो. त्यांच्याकडे तसे नाही. एका संघात अकराअकरांचे दोन निराळे संच असतात. चेंडू आपल्याकडे असला की चढाईचे अकरा उतरतात, आणि चेंडू गेला की ते सगळे बाकावर जाऊन बसतात व बचावाचे अकरा उतरतात. दोन्ही संच एका वेळी मैदानावर कधीच नसतात. एका छपराखाली दोन चुली म्हणा ना! चढाईवाल्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू सोडावा लागतो. बचावाचे काम एवढेच, की त्यांना ते दहा यार्ड मिळू द्यायचे नाहीत.

या बचावाच्या पोटात एक कळीची गोष्ट आहे, आणि ती समजल्यावाचून पुढची हकीकत कळायची नाही. चढाईचा सूत्रधार असतो तो क्वार्टरबॅक. तो मागे सरकतो, नजर टाकतो आणि दूर धावणाऱ्या आपल्या गड्याकडे चेंडू फेकतो. त्याला अडवायचे दोन मार्ग. एक, पुढच्या फळीतल्या गड्यांनी भिंत फोडून त्याच्या अंगावर जायचे. दुसरा, मागच्या गड्यांनी चेंडू झेलू पाहणाऱ्यांना सावलीसारखे चिकटून राहायचे. पण हे दोन मार्ग खरे तर एकच आहेत. मागच्यांनी तीन सेकंद दम धरला, तर पुढच्यांना पोहोचायला वेळ मिळतो. आणि पुढचे अडीच सेकंदांत पोहोचले, तर मागच्यांना तीन सेकंद दम धरावाच लागत नाही. जात्याच्या दोन दगडांसारखे हे आहे. एकच दगड चांगला घडवून घेतला म्हणून पीठ पडत नाही.

आता डेन्व्हर ब्राँकोजची गोष्ट. २०१३ च्या हंगामात या संघाकडे पेटन मॅनिंग नावाचा क्वार्टरबॅक होता. त्या वर्षी त्याने ५५ टचडाऊन फेकले आणि संघाने ६०६ गुण केले. दोन्ही आकडे त्या लीगच्या इतिहासात त्याआधी कोणी गाठले नव्हते. जावई सांगत होते की त्या वर्षी गावात बचावाचे नावसुद्धा कोणी काढत नसे. समोरच्याने तीस केले तर आपण चाळीस करू, असा सगळा श्रीमंती कारभार. समोरच्यांनी त्यांच्यावर ३९९ गुण केले होते, ही गोष्ट ६०६ च्या झगमगाटात कोणाच्या डोळ्यांत भरली नाही.

आणि मग २ फेब्रुवारी २०१४ चा अंतिम सामना, ज्याला ते सुपर बाऊल म्हणतात, न्यू जर्सीत सिअॅटलशी झाला. पहिल्याच खेळीत चेंडू मॅनिंगच्या डोक्यावरून मागे गेला आणि बारा सेकंदांत दोन गुण दुसऱ्याच्या पदरात पडले. शेवटी आकडा लागला ४३ विरुद्ध ८. लीगमधली सर्वांत मोठी चढाई लीगमधल्या सर्वांत कडव्या बचावापुढे आठ गुणांवर आटोपली. त्या दिवशी डेन्व्हरच्या बचावातले बिनीचे गडी जायबंदी होऊन बाहेर बसले होते, हेही सांगितले पाहिजे. पुढच्या फळीचा वाघ व्हॉन मिलर गुडघा फाटून बाहेर होता, आणि मागच्या फळीतला ख्रिस हॅरिस त्याच कारणाने.

हे ऐकताना मला माझ्या वडिलांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. इंदूरच्या जुन्या घरांतून १९४५ सालच्या रणजी अंतिम सामन्याची गोष्ट सांगितली गेली नाही असे घर विरळा. मार्चमध्ये मुंबईस होळकर संघाचा मुंबईशी सामना. महूच्या छावणीत पलटणीत असलेला डेनिस कॉम्प्टन आपल्याकडून खेळला. जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या! मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके ठोकली, कॉम्प्टन २४९ धावा काढून शेवटपर्यंत नाबाद राहिला, आपला डाव ४९२ पर्यंत गेला, आणि तरी आपण ३७४ धावांनी हरलो. वडील हा आकडा सांगताना कॉम्प्टनचे नाव घेऊन थांबत नसत. "अरे, सी. एस. नायडूंनी त्या सामन्यात चेंडू किती टाकले ठाऊक आहे का? नऊशे सतरा!" असे म्हणून ते हात कपाळाला लावीत. १५२ षटके आणि वर पाच चेंडू एका माणसाने टाकले, अकरा बळी घेतले, आणि ४२८ धावा दिल्या. आजपर्यंत कोणा गोलंदाजाने एका सामन्यात इतके चेंडू टाकलेले नाहीत. "फलंदाज छावणीतून आणला, ठीक केले. पण सी. एस.च्या दुसऱ्या टोकाला कोण होते?" हा वडिलांचा प्रश्न माझ्या लहानपणी आमच्या ओसरीवर दर उन्हाळ्यात एकदा तरी विचारला जाई.

डेन्व्हरमध्ये त्या फेब्रुवारीत हाच प्रश्न जॉन एल्वे नावाच्या गृहस्थाने विचारला. एल्वे हे तेव्हा या संघाचे व्यवस्थापक होते. ते स्वतः याच संघाचे क्वार्टरबॅक होते, म्हणजे सारा जन्म चेंडू फेकण्यात गेलेला. तरुणपणी तीन अंतिम सामने हरले, तिन्ही वेळा मार खाऊन; उतारवयात दोन जिंकले. असा माणूस ४३-८ च्या पराभवानंतर आणखी एखादा झेलणारा शोधीत बसेल असे कोणालाही वाटले असते. (एक झेलणारा, इमॅन्युएल सँडर्स, त्यांनी आणलाही, आणि तो उत्तम निघाला.) पण तिजोरीची किल्ली त्यांनी फिरवली ती बचावासाठी.

तिजोरी म्हणजे तरी काय, हेही सांगायला हवे, कारण आपल्याकडे अशी समजूत असते की अमेरिकेत पैसा टाकला की काहीही मिळते. त्या लीगमध्ये प्रत्येक संघाने पगारापोटी वर्षाला किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा ठरलेली असते. २०१४ साली ती १३ कोटी ३० लाख डॉलर होती. मालक कितीही गब्बर असो, त्याच्या वर जाता येत नाही. त्यामुळे एकाला आणायचे म्हणजे दुसऱ्याला घालवायचे. फेब्रुवारीत हंगाम संपतो, मार्चमध्ये करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो, मे महिन्यात त्या वर्षी कॉलेजातल्या पोरांची निवड झाली, आणि सप्टेंबरात पुन्हा खेळ सुरू. मधल्या त्या रिकाम्या महिन्यांत मैदानावर गवताखेरीज काही हलत नाही. पण संघ घडतो वा बिघडतो तो तेव्हाच.

पहिली कुऱ्हाड पडली चॅम्प बेलीवर. २००४ सालापासून दहा हंगाम तो डेन्व्हरच्या मागच्या फळीचा आधारस्तंभ. बारा वेळा त्याची निवड लीगच्या तारांकित संघात झालेली. तोही मुळात बाहेरचाच. वॉशिंग्टनहून अदलाबदलीत आणलेला. पंधरा हंगामांच्या कारकिर्दीत तो एकच अंतिम सामना खेळला, तो हा ४३-८ चा. मागचा बराच हंगाम पायाच्या दुखण्याने तो बसून होता, पगार मोठा होता, वय पस्तिशीला आले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याला निरोप देण्यात आला. हिशेब चोख होता. मी जन्मभर कॉलेजात गणित शिकवले आहे, तेव्हा हिशेबाला मी नावे ठेवणार नाही. पण जावयांनी ही हकीकत सांगताना आवाज खाली आणला, तो मी ऐकला.

मग पाठोपाठ तीन माणसे आली. पहिला अकीब तालिब, मागच्या फळीतला, झेलणाऱ्याला चिकटून राहणारा. सहा वर्षांचा ५ कोटी ७० लाख डॉलरचा करार. तो आदल्या वर्षी न्यू इंग्लंडकडून खेळत होता, आणि मौज अशी की जानेवारीत डेन्व्हरविरुद्धच्याच सामन्यात डेन्व्हरच्या गड्याशी टक्कर होऊन तो जायबंदी झाला व त्याच्या संघाचा डाव तिथेच ढासळला. तो बाहेर गेला की काय होते हे डेन्व्हरने समोर उभे राहून पाहिले होते; आत आला तर काय होईल हे मग वेगळे सांगायला नको. दुसरा टी. जे. वॉर्ड, क्लीव्हलंडहून, चार वर्षांचा करार. हा अगदी मागे उभा राहणारा, पण जोरदार धडकेबद्दल प्रसिद्ध. ज्या संघाला मागचे वर्षभर सगळे 'नाजूक' म्हणत होते, त्याला असा माणूस हवाच होता.

आणि तिसरा डिमार्कस वेअर.

वेअरबद्दल जरा सावकाश सांगतो. नऊ हंगाम डॅलसमध्ये काढून त्याने ११७ वेळा क्वार्टरबॅकला चेंडूसकट लोळवले होते. याला ते सॅक म्हणतात, आणि त्या जुन्या नामांकित संघाच्या दप्तरात एवढे सॅक दुसऱ्या कोणाच्या नावावर नाहीत. पण २०१३ त त्याला दुखण्यांनी गाठले, आणि मार्च २०१४ मध्ये डॅलसने पगाराच्या मर्यादेपायी त्याला मोकळे केले. वय एकतीस. दुसऱ्याच दिवशी डेन्व्हरने त्याला तीन वर्षांसाठी ३ कोटी डॉलरवर घेतले, त्यातले २ कोटी हमीचे. म्हणजे पाहा, त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याला इथून घालवले आणि दुसऱ्या थकलेल्याला तिथून आणले. मी नातवाला विचारले, "हा कुठला न्याय?" तो म्हणाला, "आजोबा, त्याने व्हॉनला शिकवलं." पोराच्या तोंडून फार मोठी गोष्ट निघाली. व्हॉन मिलर अंगाने विजेसारखा होता. पण २०१३ च्या हंगामाचे पहिले सहा सामने त्याला शिस्तभंगापायी बंदी होती आणि हंगामाअखेर गुडघा गेला. अशा पोराशेजारी रोज कसरत करायला, रोज जेवायला, एक असा माणूस आणून बसवला की ज्याला शिकवण्यावाचून आता दुसरी हौस उरली नव्हती. मिलरने पुढे कितीदा तरी त्याचे ऋण उघडपणे मानले आहे. दगडी तालमीत जुन्या वस्तादाला कोणी आखाड्यात उतरून कुस्त्या मारायला ठेवीत नाही. तो नुसता कडेला उभा असला तरी पोरांच्या मांड्या थरथरत नाहीत. वेअर तर वर कुस्त्याही मारीत होता.

मे महिन्याच्या निवडीत एकतिसाव्या क्रमांकावर त्यांनी ब्रॅडली रोबी हा कॉलेजातला पोरगा घेतला, तोही मागच्या फळीसाठी. आमच्या हकीकतीत त्याचे काम शेवटी आहे, म्हणून नाव लक्षात ठेवावे.

आता कोणी म्हणेल, पैसा ओतला, माणसे आणली, काम झाले. नाही झाले! २०१४ च्या हंगामात बचाव सुधारला, समोरच्यांचे गुण ३९९ वरून ३५४ वर आले, बारा सामने जिंकले, आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर इंडियानापोलिसकडून २४-१३ असे हरले. प्रशिक्षक गेले. टीकाकारांना उकळ्या फुटल्या असतील, कारण यापूर्वीचे एक उदाहरण लोकांच्या स्मरणात ताजे होते. २०११ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या संघाने असाच बाजार मांडला होता. बचावासाठी नामांकित गडी गोळा केले, त्यांच्यातल्याच एका खेळाडूने संघाला 'स्वप्नातला संघ' असे नाव दिले, आणि वर्षाअखेर आठ विजय, आठ पराभव! तिथे काय चुकले याची कारणे पुष्कळ देतात. मला त्यातले एकच खरे वाटते. त्या सगळ्या महागड्या बचावपटूंवर जो प्रशिक्षक नेमला, तो त्याआधी बरीच वर्षे चढाईच्या फळीला शिकवीत होता. सतारीच्या साथीला तबलजी आणावेत सगळे हिंदुस्थानातले, आणि ताल धरायला बसवावे सारंगियाला, तशातला प्रकार.

डेन्व्हरने ही चूक केली नाही. २०१५ च्या आरंभी गॅरी क्युबिअॅक मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी बचाव सोपवला वेड फिलिप्स यांच्याकडे. फिलिप्स हे साठी ओलांडलेले गृहस्थ, आदल्या वर्षी कुठेच कामावर नव्हते. वडीलही याच खेळातले प्रशिक्षक, म्हणजे धंदा घरातला. पूर्वी डॅलसमध्ये वेअर त्यांच्याच हाताखाली खेळलेला. त्यांनी केले ते सांगायला साधे आहे. पुढे मिलर आणि वेअर यांना दोन कडांवर मोकळे सोडले: विचार करू नका, जा. मागे तालिब, हॅरिस, रोबी यांना एकेका झेलणाऱ्यावर सोडले: दुसरीकडे बघू नका, धरा. बाल्टिमोरहून डेरियन स्टुअर्ट नावाचा आणखी एक गडी मागे आणून वॉर्डच्या जोडीला दिला. जात्याचे दोन्ही दगड एकदाचे बसले. त्या हंगामात लीगमध्ये सर्वांत जास्त सॅक, ५२, डेन्व्हरचे. सर्वांत कमी यार्ड दिले डेन्व्हरने. समोरच्यांचे गुण फक्त २९६.

आणि मॅनिंग? तो थकला होता. पायाला दुखापत, खांद्यातला जोर गेलेला. ज्याने दोन वर्षांपूर्वी ५५ टचडाऊन फेकले त्याने त्या हंगामात ९ फेकले आणि १७ चेंडू शत्रूच्या हातात दिले. संघाचे गुण ६०६ वरून ३५५ वर उतरले. तरी बारा सामने जिंकले! मी पोहोचलो तेव्हा गाव या अवस्थेत होते: ज्याच्यावर सगळ्यांचे प्रेम त्याच्याकडून काही होत नव्हते, आणि ज्यांच्याकडून होत होते ते बहुतेक काल-परवा आलेले.

आता मी डोळ्यांनी पाहिलेले तीन रविवार.

१७ जानेवारी २०१६. पिट्सबर्गशी सामना. शेवटच्या पावात पिट्सबर्ग १३-१२ ने पुढे आणि चेंडू त्यांच्याकडे, तोही डेन्व्हरच्या हद्दीत. घरात मुलीने लावलेल्या कुकरची शिट्टीसुद्धा मोठी वाटावी अशी शांतता. तेवढ्यात रोबीने धावणाऱ्याच्या कुशीतून चेंडू उडवला आणि त्यावर झडप घातली वेअरने. मे महिन्यात आणलेल्याने उडवला, मार्चमध्ये आणलेल्याने धरला. डेन्व्हर २३-१६ ने जिंकले.

२४ जानेवारी. न्यू इंग्लंड, आणि त्यांचा तो प्रख्यात टॉम ब्रेडी. या सामन्यासारखा सामना मी आयुष्यात पाहिला नाही, आणि मी यशवंत क्लबाच्या मैदानावरचे दिवस ऐकून वाढलेला माणूस आहे. मिलर एका कडेने, वेअर दुसऱ्या कडेने. चेंडू फेकून झाल्यावरही ब्रेडी जमिनीवर, फेकण्याआधीही जमिनीवर. वीसएक वेळा तरी त्याला तडाखे बसले असतील. तरी तो पठ्ठ्या उठत होता! बारा सेकंद उरलेले असताना त्याने टचडाऊन केलाच. २०-१८. आता दोन गुणांची एक खेळी, ती साधली की बरोबरी. ब्रेडीने चेंडू फेकला, तालिबने बोटाने उडवला आणि तो खाली पडण्याआधी रोबीच्या हातात विसावला. नातू सोफ्यावरून माझ्या अंगावर पडला. माझा चष्मा वाकला, तो तसाच इंदूरला घेऊन आलो आणि मुद्दाम दुरुस्त केलेला नाही.

७ फेब्रुवारी. कॅलिफोर्नियात सान्ता क्लाराला पन्नासावा सुपर बाऊल. समोर कॅरोलायना: पंधरा विजय, एक पराभव, हंगामात बरोबर ५०० गुण, आणि कॅम न्यूटन हा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. म्हणजे दोन वर्षांपूर्वी डेन्व्हर जे होते, ते आता समोर उभे होते. पहिल्या पावात मिलरने न्यूटनच्या हातातून चेंडू हिसकावला आणि मलिक जॅक्सनने तो गोलरेषेपलीकडे धरला. टचडाऊन, तोही बचावाचा. न्यूटनला सहा वेळा लोळवले, त्यात मिलरचे अडीच आणि वेअरचे दोन. चारेक मिनिटे उरली असता, १६-१० अशा कातरवेळी, मिलरने पुन्हा चेंडू उडवला आणि या खेपेस तो वॉर्डच्या हाती लागला. २४-१०. डेन्व्हरच्या चढाईने सबंध सामन्यात १९४ यार्ड काढले. तोपर्यंतच्या कोणत्याही सुपर बाऊल विजेत्याने इतके कमी काढले नव्हते. सामन्याचा मानकरी मिलर. मॅनिंगचा तो शेवटचा सामना. महिन्याभरात त्याने निवृत्ती घेतली.

त्या दिवशी आमच्या घरी आठ-दहा मराठी बिऱ्हाडे जमली होती. इंदुरी पोह्यांवर मी स्वतः शेव आणि जिरावण पसरले होते. सगळ्यांनी नारिंगी सदरे घातलेले, कोणावर मिलरचा ५८ आकडा, कोणावर मॅनिंगचा १८. फक्त आमच्या जावयांच्या पाठीवर २४ होता. मी विचारले, हा कोणाचा? "बेलीचा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "बाबा, मी २००४ साली इथं नोकरीला आलो. तोही त्याच वर्षी आला. मला इथं ओळखीचं कोणी नव्हतं. रविवारी तो दिसायचा." आणि ते पोह्यांची थाळी घेऊन आत गेले.

यावर मी काय बोलणार? होळकरांच्या फौजेबरोबर पोटासाठी माळव्यात उतरलेल्या कारकुनांची आम्ही प्रजा. सी. के. नायडूंना होळकरांनी नागपूरहून आणले आणि दोन पिढ्यांत ते असे इंदूरचे झाले, की नागपूरचे होते म्हटले तर आमच्याकडे लोक भांडायला उठतील. आणलेला माणूस कोणत्या दिवशी इथला होतो, याची नोंद कोणत्याच दप्तरात सापडत नाही.

तो तट पुढे फार टिकला नाही. जिंकल्याबरोबर बाजार पुन्हा उघडला आणि या वेळी डेन्व्हरची माणसे इतरांनी उचलली. मलिक जॅक्सनला जॅक्सनव्हिलने ८ कोटींवर डॉलर देऊन नेले, मधल्या फळीचा डॅनी ट्रेव्हेथन शिकागोला गेला. मिलरला मात्र त्यांनी ११ कोटी ४५ लाखांवर राखले. वेअर २०१७ च्या मार्चमध्ये निवृत्त झाला. वॉर्डला त्याच वर्षी हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर काढून टाकले, आणि पुढच्या वसंतात तालिब लॉस एंजलिसला गेला. २०१६ पासून सलग आठ हंगाम डेन्व्हर बाद फेरीतसुद्धा पोहोचले नाही. नातवाचे सारे हायस्कूल आणि वर कॉलेजची दोन वर्षे त्यात गेली. माझ्याशी फोनवर बोलताना तो अलीकडे 'आपली' बोलिंग म्हणत नसे, 'त्यांची' म्हणे.

बेलीला त्या मार्चनंतर न्यू ऑर्लिन्सने घेतले होते, पण हंगाम सुरू होण्याआधीच सोडून दिले. तो पुन्हा खेळला नाही. २०१९ साली ओहायोतल्या कँटन गावी, जिथे या खेळातल्या थोरांचे पुतळे ठेवतात, तिथे त्याचा पुतळा बसला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वेअरचाही बसला. त्या रात्री, म्हणजे आमच्या सकाळी, नातवाचा फोन आला. "आजोबा, वेअर कँटनला गेला. आठवतो का?"

आठवतो म्हणालो. मग विचारले, "तुझे बाबा काय करतायत?"

"बसलेत टीव्हीसमोर," तो म्हणाला. "चोवीस नंबर घालून."